स्टिक ड्रिफ्ट का होतो?
कंट्रोलरला हात न लावता गेममधला गडी आपोआप डावीकडे चालू लागला, की समजा स्टिक ड्रिफ्ट सुरू झाला. बहुतेक कंट्रोलरमध्ये स्टिकखाली पोटेन्शिओमीटर असतो: कार्बनच्या पट्टीवर धातूची बारीक पत्ती घासत राहते. पट्टी झिजली की स्टिकचा मध्यच सरकतो. सेटिंगमध्ये डेडझोन (मध्याजवळचा, हालचाल न मोजणारा भाग) वाढवून काही दिवस भागतं, पण नेम धरताना हलकी हालचाल पकडली जात नाही.

खरा उपाय हॉल सेन्सर. त्यात लोहचुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकतच नाहीत, मग झिजणार काय? या सेन्सरमागचा ‘हॉल इफेक्ट’ एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधला. सेगा कंपनीने १९९८ च्या ड्रीमकास्ट या गेम कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये तो वापरलाही! तरी आज कित्येक महागड्या कंट्रोलरमध्ये तीच घासणारी पट्टी असते, याचा मला मनापासून राग येतो. नवा घेताना खोक्यावर ‘हॉल इफेक्ट’ लिहिलंय का, ते बघाच.