दारी आलेला शिकाऊ डॉक्टर



साखर कारखान्यात तयार होत नाही, ती शेतात तयार होते, हे आपण दर गळीत हंगामात ऐकतो. डॉक्टरचेही तसेच आहे. कॉलेज पदवी देते, पण खेड्याला उपयोगी पडणारा डॉक्टर घडायचा तर त्याने खेड्यातल्या घरी येऊनच शिकले पाहिजे. म्हणून हल्ली पांढऱ्या कोटातली मुलं-मुली वही घेऊन गावोगाव फिरताना दिसतात. काहीजण त्यांना "आम्ही सगळे धडधाकट आहोत" म्हणून दारातूनच वाटेला लावतात. ही मुलं कशासाठी येतात, ते जरा समजून घेऊ.

२०२२ पासून देशातील वैद्यकीय महाविद्यालयांत 'कुटुंब दत्तक' कार्यक्रम सुरू झाला आहे. पहिल्या वर्षापासूनच प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबे नेमून दिली जातात. त्याने वेळोवेळी त्या घरी जायचे, सर्वांची तब्येत, मुलांचे वजन व लसी, पिण्याचे पाणी, संडास यांची विचारपूस करायची आणि गरज असेल त्याला दवाखान्याची वाट दाखवायची.

ही कल्पना आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय काढले. तिथे नवे विद्यार्थी आधी गांधीजींच्या आश्रमात राहतात. पुढे एका खेड्यात मुक्काम करतात आणि नेमून दिलेल्या घरांशी नंतरही संबंध ठेवतात. सहकारातही हा विचार रुजला. साखर कारखान्यामुळे नाव झालेल्या प्रवरा परिसरात, लोणी येथे १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले.

घरी येऊन असे काय शिकायला मिळते? एक साधे उदाहरण घ्या. बाईच्या अंगात रक्त कमी आहे. दवाखान्यात तिला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, काम संपले. घरी गेल्यावर दिसते की गोळ्या तशाच फळीवर पडल्या आहेत. मळमळते, शौचाला काळे होते म्हणून तिने सोडल्या. घेते तेव्हाही चहाबरोबर घेते, आणि चहाने लोह अंगी लागत नाही. काळे होण्यात धोका नाही, गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, एवढे सांगितले तरी फरक पडतो. क्षयाचा रोगी दोन महिन्यांत खोकला थांबला की औषध सोडतो, त्याचेही कारण घरीच कळते. औषध का चुकते हे ज्याने पाहिले, तो पुढे रोग्यावर नुसता खेकसत नाही.

दुसरा फायदा आपल्या गावांचा. दवाखाना बांधला तरी डॉक्टर टिकत नाही, हे दुखणे सर्वांना माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये त्यावर उपाय सुचवले. खेड्यातली मुले वैद्यकीय शिक्षणाला घ्या, महाविद्यालये मोठ्या शहरांबाहेर काढा आणि शिकतानाच खेड्याचा अनुभव द्या.

मात्र आपल्या सहकार्याशिवाय हे होणार नाही. त्यासाठी एवढे करावे :

१) खरे सांगावे. तंबाखू, दारू, अर्धवट सोडलेले औषध लपवले तर मुलगा चुकीचेच शिकून जाईल.

२) तो अजून डॉक्टर नाही. त्याच्याकडे गोळी-इंजेक्शन मागू नये. तपासणी नको असेल तर तसे सांगण्याचा आपल्याला हक्क आहे. तपासणी केली तर काय आढळले ते विचारून घ्यावे.

३) भर दुपारी सगळे शिवारात असतात. ग्रामपंचायतीने महाविद्यालयाशी बोलून संध्याकाळची किंवा सुट्टीच्या दिवसाची वेळ ठरवावी.

४) ऊसतोड टोळ्यांना विसरू नये. हंगामात ही कुटुंबे आपल्या गावी नसतात आणि इथल्या यादीतही त्यांची नावे नसतात. त्यांच्या खोपीत गरोदर बाया आणि लस चुकलेली पोरं असतात. विद्यार्थी गावात आले की त्यांना फडावरच्या खोप्या आपण होऊन दाखवाव्यात. आपला ऊस तोडणाऱ्यांसाठी आपण एवढे तरी करायला हवे.

येत्या हंगामात अशी मुले दारी आली, तर त्यांना आत बोलवा, घोंगडी टाका आणि चार गोष्टी मोकळेपणाने सांगा.