चाकांवरची वीज (भाग ९) : तीन मीटर तांबं

लिथियम की ट्यूब्युलर, याचा निकाल या आठवड्यात लावायचं कबूल केलं होतं. तो पुढच्या भागात. सांगलीहून एका वाचकाचं पत्र आलंय, आणि त्याला आधी उत्तर दिलं नाही तर दोन धडधाकट बॅटऱ्या भंगारात जातील.

त्यांनी जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिचं फिरतं घर केलंय. मागच्या पलंगाखाली १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर समांतर जोडलेल्या, दीड हजार वॅटचा इन्व्हर्टर ड्रायव्हरच्या सीटमागे. रात्रभर पंखा, दिवे, फोन सगळं बिनतक्रार चालतं. सकाळी चटणीसाठी मिक्सर लावला की इन्व्हर्टर किंचाळतो आणि बंद पडतो. लगेच मल्टिमीटर लावला तर बॅटरी १२.४ दाखवते. दुकानदार म्हणतो, बॅटरी गेली, नवीन घ्या.

बॅटरी गेलेली नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिलंय, वायर १० एमएमची, तीन मीटर. सगळं दुखणं त्या ओळीत आहे.

एक चौरस मिलिमीटर जाडीच्या, एक मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम. तीन मीटर जाताना आणि तीन मीटर परत येताना, असे सहा मीटर धरायचे. (मायनसची वायर हिशेबात घ्यायला भलेभले विसरतात.) १० एमएमच्या वायरीत हा रोध होतो ०.०१ ओहम. घरच्या २३० व्होल्टवर त्याला कोणी विचारत नाही, कारण ७५० वॅटच्या मिक्सरला तिथे जेमतेम सव्वातीन अँपिअर लागतात. तोच मिक्सर १२ व्होल्टच्या बॅटरीतून, इन्व्हर्टरमधला तोटा धरून, ७० अँपिअरच्या आसपास ओढतो. म्हणजे ०.७ व्होल्ट वायरीनेच खाल्ले आणि पलंगाखाली ५० वॅटची शेगडी पेटली!

हे झालं मिक्सर फिरत असतानाचं. थांबलेली मोटर सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट मागते. १५० अँपिअर धरले तरी दीड व्होल्ट वाटेत संपले. रात्रभर वापरलेली ट्यूब्युलर एवढ्या ओढीखाली स्वतःच ११.७ पर्यंत उतरू शकते. इन्व्हर्टरच्या दारात पोचले १०.२. बरेचसे इन्व्हर्टर १०.५ च्या सुमारास ‘बॅटरी लो’ म्हणून हात वर करतात. त्यात व्होल्टेज घसरलं की तेवढेच वॅट द्यायला इन्व्हर्टर आणखी अँपिअर ओढतो, त्याने ते आणखी घसरतं. मिक्सर बंद झाला की बॅटरी पुन्हा १२.४ वर येते आणि मल्टिमीटर तेच दाखवतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून पाहा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं इन्व्हर्टरच्या प्लसवर. कोणालातरी मिक्सर लावायला सांगा. मीटरवर दिसेल तो प्लसच्या वायरीतला तोटा. मग मायनसला तसंच. मायनस गाडीच्या चॅसीतून फिरवला असेल तर इथे आकडा जास्त येण्याचा संभव मोठा, कारण बोल्टाखाली रंग आणि गंज बसलेला असतो.

एडिसनलाही हेच तांबं नडलं होतं. १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याने वीजकेंद्र सुरू केलं तेव्हा डीसी वीज ११० व्होल्टची होती, आणि ती साधारण मैलभराच्या आतच परवडायची. आपण तर १२ व्होल्टवर बसलोय. २४ वर गेलात तर प्रवाह निम्मा आणि वायरीतला तोटा पाव होईल, पण पाण्याचा पंप, फ्रीज, पंखे सगळं १२ चं घेऊन ठेवलेलं असतं. त्यामुळे छोट्या गाडीत मी तरी १२ व्होल्टच ठेवतो.

सांगलीकरांनी करायचं एवढंच : इन्व्हर्टर उचलून बॅटरीजवळ न्यायचा. डीसीची वायर मीटरभर, मग २३० व्होल्टची वायर खुशाल गाडीभर फिरवा. फक्त तो बॅटरीच्याच बंद खोक्यात कोंबू नका. चार्ज होताना ट्यूब्युलर हायड्रोजन सोडते आणि इन्व्हर्टरच्या रिलेत ठिणगी पडू शकते. मध्ये पक्की फळी हवी, बॅटरीच्या खोक्याला गाडीबाहेर उघडणारी हवेची वाट हवी. वायर ५० एमएमची घ्या. प्लस एका बॅटरीवरून आणि मायनस दुसरीवरून काढा, नाहीतर पहिली बॅटरी राबते आणि दुसरी नुसती सोबत करते.

तांब्याची वेल्डिंग केबल यासाठी छान. मऊ असते, वळते. पण दुकानात अ‍ॅल्युमिनियमचीही मिळते, आणि वरचं रबर सारखंच दिसतं. टोक सोलून दाखवायला सांगा, हातात तोलून पाहा. थिंबल हातोडीने ठोकून बसवणारा कारागीर दिसला तर पुढच्या दुकानात जा. हायड्रॉलिक क्रिंपिंगवालाच शोधा.

आणि फ्यूज. इन्व्हर्टरशेजारी लावलेला फ्यूज वायरीला वाचवत नाही. तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत हवा, २०० अँपिअरचा, डीसीसाठीच बनवलेला. एसीचा फ्यूज इथे चालत नाही, डीसीची ठिणगी लवकर विझत नाही.

सगळं जोडून झालं की पहिला घाट उतरल्यावर नट पुन्हा आवळा. आवळण्याआधी मायनस सोडा. प्लसवर लावलेला पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर शॉर्ट झालेल्या बॅटरीतून हजारावर अँपिअर धावतात आणि पाना जागीच चिकटून बसतो.