सूर्यप्रकाशाची ठेव

मुंबईवर सूर्याची कृपा उदंड आहे. हे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर वसलेले असल्यामुळे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या मध्यास व जुलैच्या अखेरीस, माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायांखाली नाहीशी होते. जुलैत ढगांमुळे हा चमत्कार सहसा दिसत नाही, ही गोष्ट वेगळी! अशा नगरीत कोणास सूर्यप्रकाशाची उणीव भासावी, हे विचित्र वाटते. तथापि अंधेरी किंवा घाटकोपर येथील एखाद्या नोकरदार तरुणीचा दिवस पाहावा. ऊन चढण्यापूर्वी ती आगगाडी गाठते, दिवस कचेरीच्या छताखाली जातो आणि ती घरी परतते तेव्हा दिवे लागलेले असतात. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन ऊब देते खरे. पण ज्या अतिनील किरणांची शरीरास गरज असते, ते काचेतच अडतात. सकाळचे कोवळे ऊनही येथे फारसे उपयोगी पडत नाही, कारण तिरप्या किरणांना वातावरणातून लांबचा प्रवास करावा लागतो. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते, तेव्हाचे ऊन अधिक गुणकारी असते. त्यातही सावळ्या त्वचेस गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक वेळ लागतो.

हे किरण त्वचेतील एका स्निग्ध द्रव्यावर पडले, की त्यापासून ड जीवनसत्त्व तयार होते. पुढे यकृत व मूत्रपिंडे यांत त्यावर संस्कार होऊन ते कार्यक्षम बनते आणि अन्नातील कॅल्शियम शोषून घेण्यास आतड्यांना साहाय्य करते. त्याच्या अभावी बालकांना मुडदूस होतो, त्यांचे पाय धनुष्यासारखे वाकतात. प्रौढांची हाडे मऊ पडून ठणकू लागतात.

या विषयातील एक महत्त्वाची पाहणी महाराष्ट्रातच झाली, हे पुष्कळांस ठाऊक नसते. नाशिक येथे हचिसन व शहा या दोघांनी मुडदुसाचा अभ्यास केला आणि १९२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांना काय आढळले? ज्या सधन घरांतील स्त्रिया पडद्यात राहत व ज्यांची तान्ही मुले अंधाऱ्या खोल्यांत वाढत, तेथे हा रोग होता. याउलट ज्यांच्या पोटाला धड अन्न नव्हते, पण ज्यांचा दिवस उघड्यावर कष्ट करण्यात जाई, ती गरीब कुटुंबे त्यापासून मुक्त होती. संपत्तीने जे हिरावून नेले, ते उन्हाने दरिद्र्यास फुकट दिले!

पण सर्वांना सारखे ऊन मिळाले, तर सर्वांच्या रक्तात हे जीवनसत्त्व सारखे आढळेल काय? तसे होत नाही. कॅलिफोर्निया हा मुंबईसारखाच उन्हाचा प्रदेश. तेथील १६ ते २२ वर्षे वयाच्या ९० तरुणींची तपासणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात ते अपुरे होते आणि शरीरात मेद जितका अधिक, तितके ते कमी होते. याचे कारण २००० सालच्या एका प्रयोगावरून उमगते. स्थूल व सडपातळ माणसांच्या त्वचेवर सारखाच प्रकाश पाडला असता, स्थूल माणसांच्या रक्तातील वाढ सडपातळांच्या निम्म्याहूनही कमी भरली. त्वचेतील मूळ द्रव्य मात्र दोघांत सारखेच होते. ड जीवनसत्त्व पाण्यात नव्हे, तर स्निग्ध पदार्थांत विरघळते. म्हणून मेदात ते पसरते व साठून राहते. चमचाभर साखर पेल्यात घातली तर पाणी गोड होते, घागरीत घातली तर चवही लागत नाही. तसाच हा प्रकार आहे.

यावरून उन्हाच्या अभावी माणूस स्थूल होतो, असा उलटा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. सुमारे ४२,००० लोकांच्या आनुवंशिक गुणांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन वाढल्याने हे जीवनसत्त्व घटते, असे त्यात दिसले; ते घटल्याने वजन वाढते, याला मात्र पुरावा मिळाला नाही. तेव्हा वजन उतरावे म्हणून त्याच्या गोळ्या घेणे व्यर्थ होय. शिवाय क जीवनसत्त्वाप्रमाणे जादा भाग लघवीवाटे सहज निघून जात नाही, तो शरीरात साचतो; गोळ्यांचा अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना अपाय होतो. यास्तव डॉक्टर रक्त तपासतात, आणि मात्रा ठरविताना रुग्णाचे वजनही विचारात घेतात.