काडतुसातील नेमकेपणा

१९०७ साली कुमाऊँमधील चंपावत येथे जिम कॉर्बेट यांनी एक वाघीण मारली. चारशेहून अधिक माणसांचे बळी तिच्या नावावर नोंदलेले होते. तिचे शव तपासताना कॉर्बेट यांना आढळले की, तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे असे दोन्ही सुळे तुटलेले आहेत. वरचा अर्धा, तर खालचा पार हाडापर्यंत. ही इजा जुन्या गोळीची होती. नैसर्गिक भक्ष्य धरणे अशक्य झाल्यामुळेच ती माणसांकडे वळली, असा निष्कर्ष त्यांनी लिहून ठेवला आहे. वीतभर चुकलेल्या एका गोळीची किंमत अशी मोजावी लागते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपले. परंतु अमेरिकेसारख्या देशांत ठरावीक हंगामात, परवाना घेऊन हरणांची शिकार आजही होते. हरणाच्या छातीतील मर्मस्थान साधारणतः आठ इंच व्यासाचे असते. गोळी तेथे लागली तर जनावराला फार काळ यातना होत नाहीत. ती मागे पोटात लागली तर ते जखमी अवस्थेत रानात शिरते आणि तासन् तास तडफडते. म्हणून आपली गोळी नेमकी कोठे जाईल हे आधी जाणून घेणे, हे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते. याच कर्तव्यापोटी तेथील कित्येक शिकारी आपली काडतुसे स्वतः, घरच्या मेजावर भरतात.

काडतुसाची घटना साधी आहे. पितळी कोठी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी केप, आत बिनधुराची दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी, एवढीच त्याची चार अंगे. यांपैकी पितळी कोठी पुन्हा पुन्हा वापरता येते. उदाहरणादाखल अमेरिकी सैन्याने १९०६ साली स्वीकारलेले आणि पुढे शिकाऱ्यांचे अत्यंत आवडते झालेले ‘थर्टी-ऑट-सिक्स’ हे काडतूस घ्यावे. ते उडते तेव्हा आतील दाब दर चौरस इंचास साठ हजार पौंडांच्या घरात, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट चढतो. गोळी सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोड्याच अधिक वेळात नळीबाहेर पडते. नळीतील मळसूत्री खाचांमुळे ती त्या वेळी दर सेकंदाला तीन हजारांहून अधिक गिरक्या घेत असते. एवढ्या क्षणिक आणि प्रचंड घटनेत बारीकसा फरकही लक्ष्यावर उमटल्यावाचून राहत नाही.

मग कारखान्याचे काडतूस वाईट असते काय? तसे मुळीच नाही. परंतु ते बाजारातील तयार अंगरख्यासारखे असते. त्या मापाच्या प्रत्येक रायफलीत ते बसलेच पाहिजे, म्हणून ते अंमळ सैल ठेवावे लागते. घरी काडतूस भरणारा मनुष्य मात्र शिंप्याप्रमाणे एकाच अंगाचे माप घेतो. एकदा उडवलेली कोठी फुगून त्याच्या रायफलीच्या पोकळीचा आकार घेते. ती पुन्हा दाबताना तो ती आवश्यक तेवढीच आखडतो. गोळी किती खोल बसवायची, म्हणजे खाचांच्या आरंभापासून तिला किती अंतरावर ठेवायचे, हेही तो आपल्या नळीला पाहून ठरवतो. दारू तो ग्रेनच्या दशांशापर्यंत तोलतो. आणि सात हजार ग्रेन म्हणजे एक पौंड, हे ध्यानात घेतले म्हणजे या तराजूची सूक्ष्मता कळते.

योग्य प्रमाण शोधण्याची रीतही ठरलेली आहे. दारू बनवणाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या कोष्टकातील किमान वजनापासून आरंभ करायचा, थोडे थोडे वाढवीत जायचे आणि कमाल मर्यादा कधीही ओलांडायची नाही. केप सपाट होऊ लागली, रायफलीचा खटका उघडण्यास जड जाऊ लागला, की दाब वाढल्याची ती सूचना समजून मागे फिरायचे. येथे धाडसाला बक्षीस नाही. फुटलेली नळी आणि गमावलेला डोळा हीच त्याची फळे. शिवाय सर्वांत वेगवान काडतूस हेच सर्वांत नेमके असते, असेही नाही. शोधायचा असतो तो एकसारखेपणा.

या शोधाला शास्त्राची बैठक देण्यात डॉक्टर फ्रँकलिन मान यांचा वाटा मोठा आहे. मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्डचे हे गृहस्थ वैद्यकीची पदवी घेतलेले, आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडे कापणारे यंत्र बनवून संपन्न झालेले होते. नेमबाजाच्या हाताची आणि डोळ्याची चूक वगळली, तर उरलेली चूक कोठून येते, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी नळी भक्कम बैठकीवर स्थिर केली, गोळीच्या वाटेवर कागदाचे पडदे उभारले आणि गोळ्या मुद्दाम विद्रूप करून झाडल्या. गोळीच्या नाकाला पोचा आला तर फारसे बिघडत नाही. पण तिचे बूड वाकडे असले तर ती भरकटते, असे त्यांना दिसले. त्यांचा ग्रंथ १९०९ साली निघाला. डोळ्याला जे महत्त्वाचे वाटते तेच खरे कारण असेल असे नाही, हा त्यातील धडा अद्यापि जुना झालेला नाही.

कारण फसवणूक अन्यत्रही दडलेली असते. चांदमारीवर तीन गोळ्या झाडाव्या, शंभर यार्डांवर भोके अर्ध्या इंचात पडावी, आणि ‘हेच ते काडतूस’ असे समजून शिकाऱ्याने घरी परतावे, हे नेहमीचे दृश्य आहे. परंतु संख्याशास्त्र सांगते की, त्याच काडतुसाच्या दहा गोळ्या झाडल्या तर त्यांचा पुंजका तीन गोळ्यांच्या पुंजक्याहून सरासरीने दीडपटीहून अधिक रुंद असतो. काडतूस तेच, रायफल तीच. वाढतो तो केवळ योगायोगाला मिळणारा वाव. दारूचे वजन किंचित बदलल्याने पुंजका आकसला, असे ज्याला वाटते, त्याच्या वाट्यालाही पुष्कळदा निव्वळ दैवच आलेले असते. म्हणून सुज्ञ माणूस आवडता कागद चौकटीत लावीत नाही. तो वेगवेगळ्या दिवशी पुन्हा गोळ्या झाडतो आणि नावडते कागदही जपून ठेवतो.

हवेचाही हिशेब धरावा लागतो. उन्हाने तापलेल्या काडतुसात दाब चढतो. ब्रिटिश काळात कॉर्डाइट दारूची काडतुसे हिंदुस्थानसारख्या उष्ण प्रदेशासाठी निराळ्या, सौम्य प्रमाणात भरली जात, ती याच कारणाने. आजच्या काही दारूंवर उष्णतेचा परिणाम बराच कमी होतो, तरी हिवाळ्यात ठरवलेले प्रमाण उन्हाळ्यात तपासून पाहणे शहाणपणाचेच असते.

एवढा खटाटोप केल्यावर हाती काय येते? शंभर यार्डांवर दीड इंचात गोळ्या टाकणारी रायफल दोनशे यार्डांवर सुमारे तीन इंचांत टाकते. आठ इंचांच्या मर्मस्थानाला तेवढे पुरेसे आहे. त्यापुढचा अर्धा इंच कमी करण्यात हौस आहे, आनंद आहे, पण गरज नाही. काडतूस भरण्याचा खरा लाभ निराळाच आहे. ज्याने आपल्या दहा गोळ्यांचा पुंजका प्रामाणिकपणे मोजला आहे, त्याला आपली मर्यादा कळते. अंतर त्या मर्यादेबाहेर आहे असे दिसताच तो रायफल खाली घेतो, आणि समोरचे हरीण धडधाकट पावलांनी रानात निघून जाते.