काउंट सुधारल्यावर पुढे काय?

महाडहून बिरवाडी, वरंध, माझेरी करत घाट चढला, की भोरमार्गे पुणं गाठता येतं. तिथे भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. भारतात एचआयव्ही सापडून तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि विषाणू दीर्घकाळ दाबून ठेवणारं औषध जगात कुठेच नव्हतं.

१ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधं, मोफत मिळू लागली आणि ‘सीडीफोर काउंट किती आला?’ हा प्रश्न रुग्णांच्या बोलण्यात रुळला. सीडीफोर या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी; निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या साधारण ५०० ते १५०० असतात. सुरुवातीला काउंट २०० च्या खाली गेल्यावरच बहुतेकांना गोळ्या मिळत. २०१७ पासून निदान होताच सुरू होतात. त्या पहिल्या काळात औषध घेऊ लागलेली कितीतरी माणसं आज पोरांची लग्नं लावून देताहेत. हे यश मोठंच आहे. पण आत पेशींचं काय चाललंय, ते नुसत्या काउंटवरून पुरतं कळत नाही.

संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडीफोर पेशी प्रचंड संख्येनं मरतात. अस्तर झिरपू लागतं, जिवाणूंचे अंश रक्तात उतरतात आणि दाह वर्षानुवर्षं धुमसत राहतो. बाधित पेशींना मारणाऱ्या सीडीएट पेशी सतत लढून थकतात. अशा पेशींवर पीडी-१ नावाचं प्रथिन वाढलेलं असतं आणि तेच त्यांना आवरून धरतं, हे २००६ मध्ये दिसून आलं. पेशी असतात, पण त्यांची वाढ खुंटते, मारा बोथट होतो. औषधानं हा थकवा कमी होतो, संपत नाही.

पेशींच्या या माऱ्याचा जोर मोजायची एक देखणी पद्धत भोसरीतही वापरली गेली: एलिस्पॉट. बारीक खळग्यांच्या तबकडीत रुग्णाच्या पेशी ठेवायच्या आणि त्यांना विषाणूच्या प्रथिनाचे तुकडे द्यायचे. जी पेशी प्रतिसाद देते, तिच्या जागी रंगीत ठिपका उमटतो. मग ठिपके मोजायचे. शंभरात एकाहूनही कमी लोक औषधाविना विषाणू दाबून ठेवतात; विषाणूच्या गॅग या प्रथिनावर तुटून पडणाऱ्या सीडीएट पेशी त्यांच्यात बऱ्याचदा जोरकस आढळतात.

बाकीच्यांची गोळी सुटत नाही. निद्रिस्त स्मृतिपेशींच्या जनुकांत विषाणू आपली प्रत घुसवून बसलेला असतो. औषध थांबलं, की बहुधा काही आठवड्यांत तो परततो.

धुमसत्या दाहाचा फटका हृदयाला बसतो. भारतासह १२ देशांत एचआयव्हीसह जगणाऱ्या ७,७६९ जणांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला: रोज पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे हृदयाकडेही लक्ष हवं, पण पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरून एआरटी केंद्र गाठणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडते. त्याला रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांसाठी वेगळी खेप पडता कामा नये. क्षयाच्या लक्षणांची विचारपूस केंद्रात दर भेटीला होते. हृदयाचीही त्याच टेबलावर व्हायला हवी.