दस्तऐवजाची पारख

कल्याण-डोंबिवलीत महानगरपालिकेच्या बनावट बांधकाम-परवान्यांच्या आधारे महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा हुकूम मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली दिला, तेव्हा आयुष्याची पुंजी तेथे घातलेल्या निरपराध कुटुंबांचे छप्परच धोक्यात आले. दस्तऐवजाची पारख सामान्य माणसाच्या हाती यावी, ही निकड त्यातून तीव्रतेने जाणवते. ऑस्ट्रियातील ग्राझच्या संशोधकांनी २०१३ साली मांडलेल्या पद्धतीत मोबाईलचा कॅमेरा दस्तऐवजावर धरताच, होलोग्राम कोणत्या कोनातून पाहावा हे पडद्यावर दर्शविले जाते आणि तेथून दिसणाऱ्या रूपाचा अस्सल नमुन्याशी मेळ घालता येतो. कारण होलोग्रामची कोनानुसार पालटणारी प्रभा छायाप्रतीत उतरत नाही. पाचशेच्या नोटेतील हिरवा धागा तिरका धरता निळा दिसतो, तोही याच हेतूने. परंतु परवान्याच्या कागदावर असे चिन्हच नसेल, तर पालिकेच्या दफ्तरातील मूळ नोंदच ताडून पाहावी लागते, आणि ती खरेदीदाराला विनासायास दाखविणे हे पालिकेचे कर्तव्यच होय.