वारसनोंदीत बहिणीचे नाव कुठे आहे?

हिंदू कोड बिल रखडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. मालमत्तेत मुलीचा वाटा हा त्या बिलाचा गाभा होता. पुढे १९५६ चा वारसा कायदा आला. तो बौद्धांनाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः सहदायाद मानले. त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

कायदा इथवर आला, घर मात्र तिथेच आहे. वडिलांचा जलदान विधी आटोपतो न आटोपतो तोच बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. माहेर तुटेल या धाकाने ती सही करते आणि साडीचोळीवर तिची बोळवण होते. समतेची प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हेच चालते, याचे आम्हाला दुःख आहे. ज्या घरात स्त्रीला वाटा नाही, तिथे ती कायम पाहुणीच!

भगिनींनो, सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही. फेरफार म्हणजे मालकी नव्हे. परंतु नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर एकदा सही झाली की ते रद्द करून घेणे फार कठीण. न वाचता सही करू नका.

आणि बांधवांनो, जमीन असो वा वस्तीतले दोन खोल्यांचे घर, वारसनोंदीच्या अर्जात बहिणीचे नाव स्वतःच्या हाताने लिहा. बाबासाहेबांच्या राजीनाम्याची किंमत राखण्याची सुरुवात तिथूनच होईल.